सहा दहाची गाडी

मास्तर कुणासाठी थांबत नसत. दोह्यात बिन महमूदला आम्ही राहायचो त्या इमारतीखालून त्यांची जुनी पांढरी गाडी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी हलायची आणि हलायची म्हणजे हलायचीच. मी त्यांच्या फ्लॅटवर राहायला आलो त्या पहिल्याच आठवड्यात एकदा हातात बूट घेऊन जिना उतरलो, फुटपाथवर पोहोचलो आणि दूर चाललेल्या दोन लाल दिव्यांना हात केला. दिवे सिग्नलला वळून दिसेनासे झाले. टॅक्सी करून इंडस्ट्रियल एरियातल्या ऑफिसात पोहोचलो, तर मास्तर चहा संपवून पेन्सिलीला टोक काढत बसलेले.

"मी दिसलो नाही का तुम्हाला?" मी विचारलं.

"दिसलास की. आरशात चांगला दिसलास. एका पायात मोजा नव्हता." त्यांनी टोकावर फुंकर मारली. "अरे जाधव, गाडी माणसाची नसते बाबा. गाडी वेळेची असते. माणसाने फक्त तिथे हजर असायचं."

मास्तर म्हटल्यावर लोकांना ते शाळामास्तर वाटत. नवीन येणारी मंडळी अदबीने विचारत, "कुठल्या शाळेत होता?" पण हे स्टेशनमास्तर होते आणि त्यांचं स्टेशन इंग्लंडात होतं. रेल्वेत त्यांनी एक दिवसही नोकरी केली नव्हती आणि इंग्लंडला कधी पाऊल ठेवलं नव्हतं. नाव पास्कल, गाव वसईकडचं, आणि नोकरी आमच्याच कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत प्लॅनरची. बाकी सगळं स्टेशन त्यांच्या खोलीतल्या संगणकात होतं.

संगणकावर आगगाडी चालवायचे खेळ असतात, हे मला त्यांच्याकडेच कळलं. त्यात नुसती गाडी चालवता येत नाही, हवा तो मार्गही आपला आपल्याला बांधता येतो. रूळ, पूल, सिग्नल, कुंपणं, फलाटावरचं बाकडं, सगळं. जगभरचे हौशी लोक इंग्लंडातले बंद पडलेले जुने रेल्वेमार्ग शोधून काढतात आणि जुने नकाशे, जुने फोटो बघून जसेच्या तसे पुन्हा उभे करतात. मास्तरांनी असाच एक विसरलेला फाटा धरला होता. विदरफोर्डपासून ब्रॅकलपर्यंत, मध्ये चार स्टेशनं आणि एक हॉल्ट, म्हणजे लहानसा थांबा. हा फाटा बंद पडून साठ वर्षं होऊन गेली होती. रूळ केव्हाच उखडून नेले होते. मास्तर मात्र रोज संध्याकाळी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून, पायात बूट चढवून त्याच्या ड्यूटीवर बसत. घरात बूट कशाला, असं मी एकदा विचारलं. "अनवाणी इंजिन चालवतात का?" असं म्हणून त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी माझ्या स्लिपरा काढून बूट घातले.

याचं मूळ एका बिस्किटाच्या डब्यात होतं. त्यांचे एक मामा बोटीवर होते. त्यांनी कधीतरी विलायतेहून पत्र्याचा डबा आणला होता आणि त्याच्या झाकणावर एका चिमुकल्या स्टेशनाचं चित्र होतं. लाल विटांची खोली, फुलांच्या कुंड्या, वाफेचं इंजिन. बिस्किटं मास्तरांच्या जन्माआधीच संपली. डबा घरात राहिला, त्यात कधी सुईदोरा, कधी पेपरातली कात्रणं, आणि शेवटी बायकोने दर सुट्टीनंतर भरून दिलेला वसईकडचा लाल बॉटल मसाला घेऊन तो दोह्यात आला. ते स्टेशन खरंच होतं आणि याच फाट्यावर होतं, हे मास्तरांना पन्नाशीत इंटरनेटवर कळलं. त्या दिवशी त्यांनी मसाला काढून पिशवीत ओतला, डबा धुतला आणि संगणकाशेजारी ठेवला. पिशवीत मसाल्याचा वास उडाला आणि आमची आमटी पुढे बरेच दिवस फिकी होत होती.

हा माणूस असा का झाला, ते ऑफिसात बसल्यावर समजायचं. प्लॅनर म्हणजे कुठलं काम कधी सुरू होणार आणि कधी संपणार, त्याचे रंगीत पट्टे काढणारा माणूस. मास्तर पट्टे काढत आणि साइटवाले ते पुसत. सिमेंट उशिरा येई, परमिट त्याहून उशिरा येई, क्रेन वेळेवर आलीच तर ऑपरेटर रजेवर गेलेला असे. मीटिंगमध्ये मास्तरांनी "कधी?" म्हणून विचारलं की टेबलाभोवतीचे सगळे देश एका सुरात "इन्शाल्ला" म्हणत. साइटवाले विनवत, "मास्तर, थोडा फ्लोट ठेवा ना." फ्लोट म्हणजे वेळापत्रकात राखून ठेवलेली सवड, एक काम लांबलं तरी पुढचं कोसळू नये म्हणून. मास्तरांचं उत्तर ठरलेलं असे, "फ्लोट आळशी लोकांना लागतो." दिवसभर ज्याचं वेळापत्रक कुणी पाळलं नाही, तो माणूस संध्याकाळी घरी येऊन असं एक वेळापत्रक चालवत बसे जे कुणाच्या बापाला मोडता येत नव्हतं.

आमच्या प्रोजेक्टवर सल्लागार म्हणून एक इंग्रज साहेब होते. एकदा सगळ्यांसमोर मीटिंगच्या शेवटी त्यांनी विचारलं, प्लॅनिंगकडून काही शंका? मास्तर उठून म्हणाले, "सर, तुमच्या लहानपणी गावाकडच्या स्टेशनांवर फलाटाची कड पांढरी रंगवलेली असायची का?" साहेबांना वाटलं, यात काहीतरी जादा कामाचा दावा दडलेला आहे. त्यांनी सावधपणे "आय शॅल कम बॅक टू यू" म्हटलं आणि तो प्रश्न मीटिंगच्या कागदात रीतसर चढला. पुढच्या सात-आठ मीटिंगा 'फलाटाची कड: प्रलंबित' असं वाचून दाखवलं जाई आणि आम्ही खाली माना घालून हसत असू.

त्या हौशी मंडळींच्या वेबसाइटवर मास्तरांना हॅरल्ड भेटले. वय ऐंशीच्या पलीकडे. त्या फाट्यावरच्या गाडीत लहानपणी प्रत्यक्ष बसलेला हा एवढाच माणूस उरला होता. आम्ही त्यांना इंग्लंडचे आजोबा म्हणायचो. मास्तर एकेका स्टेशनाची चित्रं त्यांना पाठवत आणि आजोबांचं उत्तर दोन शब्दांचं असे, "नॉट क्वाइट." म्हणजे जवळपास आलंय, पण ते नाही. काय नाही, हे त्यांनाही सांगता येत नसे. हे दोन शब्द आमच्या घरात असे रुळले की मी केलेल्या भाकरीला, दुरुस्त होऊन आलेल्या एसीला, ऑफिसच्या पगारवाढीला, सगळ्यालाच आम्ही नॉट क्वाइट म्हणू लागलो.

पहिला नॉट क्वाइट आकाशाचा निघाला. मास्तरांनी विटा मोजून लावल्या होत्या, पण आयुष्यातली पंचवीस वर्षं कतारात काढलेल्या माणसाला ऊन म्हणजे ऊनच माहीत. त्यांच्या इंग्लंडात सकाळी आठला सावल्या चाकूने कापल्यासारख्या पडत होत्या आणि गायी डोळे मिटून उभ्या होत्या. आजोबांनी कळवलं, इतका सूर्य आम्ही सबंध लहानपणात पाहिला नाही. मास्तर हादरले. मग रोज गच्चीवर जाऊन ढग शोधू लागले. दोह्यात ढग शोधणं म्हणजे काय, ते इथे राहणाऱ्यांना सांगायला नको. शेवटी एका दुपारी धुळीचं वादळ आलं, लोक खिडक्या लावायला धावले आणि मास्तर बाल्कनीत तोंडाला रुमाल बांधून उभे राहिले. "बघ जाधव," ते खोकत म्हणाले, "यातला पिवळा काढला की इंग्लंड." त्यांनी खरोखरच पिवळा काढला आणि आजोबांनी आकाश मंजूर केलं. घरातली धूळ मात्र मी दोन दिवस पुसत होतो.

शुक्रवारी, म्हणजे इथल्या सुट्टीच्या दिवशी, सकाळी मास्तर चर्चला जाऊन येत, मग मासळीचं कालवण करत आणि बरवा अल बराहाच्या कामगार वस्तीतून नामदेव जेवायला येई. नामदेव लातूरकडचा, कामगारांची बस चालवायचा. मासे त्याला काट्यांमुळे आवडत नसत, पण मराठी ऐकायला मिळते म्हणून तो काटे काढत बसे. मास्तरांनी एकदा मोठ्या मनाने त्याला इंजिनावर बसवलं. नामदेवने बसच्या सवयीने ब्रेक अगदी शेवटी मारला आणि गाडी स्टेशन, सिग्नल, फुलांच्या कुंड्या असं सगळं मागे टाकून शेतात जाऊन थांबली.

"खलास," नामदेव म्हणाला. मग पडद्यावर नीट वाकून बघत म्हणाला, "गाडी लै भारी हाय मास्तर. पर ह्यात मानसं कुठं हायेत? आख्खा फलाट मोकळा. कुनासाठी चालवायलाव ही?"

"नकाशात माणसं नसतात," मास्तर म्हणाले. "ज्याला पुरावा नाही ते मी घालत नाही."

"मंग भाडं कोन देतंय?" नामदेवने विचारलं आणि मास्तरांनी त्याच्या ताटात डोक्याकडची तुकडी वाढली, जिच्यात सगळ्यात जास्त काटे असतात.

त्या वर्षी मास्तरांच्या निवृत्तीची तारीख ठरली. मर्सीवहिनी, म्हणजे त्यांच्या मिसेस, फोनवर त्यांच्याशी वाडीतल्या बोलीत बोलत. ती मला निम्मीच कळे, पण एक गोष्ट त्यांनी मला कळावी म्हणून मुद्दाम साध्या मराठीत सांगितली. "जाधवभाऊ, त्यांना सांगा, तो आगगाडीचा खेळ तिकडेच संपवून या. इथे आल्यावर विहिरीचा पंप, केळी आणि मी. संगणक उंबऱ्याच्या आत येणार नाही." मास्तरांनी ते मान्य केलं. वहिनींनी पंचवीस वर्षं एकटीने घर, मुलं, सासू सगळं ओढलं होतं, त्यामुळे वाद घालायला तोंड नव्हतं. पण त्यांना एकच हवं होतं. जायच्या आधी आजोबांनी सबंध मार्गाला एकदा हो म्हणायला हवं होतं. तिकडे आजोबांची नजरही भराभर मंद होत चालली होती. मास्तरांचं जेवण कमी झालं, ऑफिसात ते पट्ट्यांचे रंग चुकू लागले. थट्टा करायची सोय राहिली नाही, कारण माणूस मनापासून घाबरला होता.

शेवटच्या महिन्यातल्या एका शुक्रवारी सबंध प्रवास आजोबांना थेट दाखवायचं ठरलं. आजोबांच्या मुलीने त्यांच्या पुढ्यात संगणक लावून दिला. त्यांना आता चित्र धूसर दिसत होतं, म्हणून त्यांनी आवाज मोठा ठेवायला सांगितला. मास्तरांनी टाय लावला होता. मी आणि नामदेव मागे पलंगावर. विदरफोर्ड सुटलं. एकेक स्टेशन येऊन गेलं आणि आजोबा नुसते हुंकार भरत राहिले. मिलर्स हॉल्ट आला, म्हणजे एक लाकडी फलाट आणि एक दिवा. गाडी थांबली, शिट्टी झाली, गाडी वेळेवर सुटली.

"अरे," पलीकडून आजोबांचा आवाज आला. इंग्रजीतच बोलले, पण इतकं साधं की नामदेवलाही समजलं. "तुम्ही माझ्या आईला मागे ठेवून निघालात."

मास्तरांनी गाडी उभी केली. आजोबा हळूहळू सांगू लागले. त्यांची आई बाजाराच्या दिवशी अंडी घेऊन ब्रॅकलला जायची. वाट चढाची. बाबागाडीत खाली अंडी आणि वर बसवलेले हॅरल्ड. फुटतील म्हणून ती धावू शकत नसे. ती वळणावर दिसली की गार्ड दिवा खाली ठेवून सिगारेट पेटवायचा, ती चढून बसेपर्यंत गाडी हलायची नाही. हे सगळं आपण विसरूनच गेलो होतो, असं आजोबा म्हणाले. गाडी लगेच सुटल्याचं ऐकलं तेव्हाच आठवलं.

"पण टाइमटेबलमध्ये ते..." मास्तर म्हणू लागले आणि मध्येच थांबले. कॉल संपल्यावर त्यांनी जुन्या छापील वेळापत्रकाची प्रत उघडली आणि आम्हाला एक ओळ दाखवली. मिलर्स हॉल्ट ते ब्रॅकल, चार मिनिटांची वाट, तिला छापलेली होती आठ मिनिटं. मास्तरांनी ही छपाईची चूक धरली होती. मार्ग बांधायला घेतला त्या पहिल्याच आठवड्यात त्यांनी ती स्वतःच्या हाताने दुरुस्त करून टाकली होती.

"फ्लोट आहे हा," ते म्हणाले. "जाधव, त्यांनी त्या बाईसाठी फ्लोट ठेवला होता. आणि मी काढून टाकला."

"आमी बी ठेवताव की," नामदेव म्हणाला. "कोन न्हाई ठेवत?"

संध्याकाळी चहा पिताना मास्तर मला म्हणाले, त्यांची स्वतःची आई डोक्यावर भाजीची पाटी घेऊन नाक्यावर यायची, तेव्हा एसटीचा कंडक्टर दोरी हातात धरून उभा राहायचा. लहानपणी त्यांना आत बसलेल्या लोकांची लाज वाटायची. सगळे आपल्याकडे बघतायत असं वाटायचं.

पुढचे दोन आठवडे घरात एक इंग्रज बाई वावरत होती म्हटलं तरी चालेल. बाबागाडी कसली, डोक्याला रुमाल कसा, अंड्यांवर कापड असेल की गवत, सगळं आजोबांना विचारून झालं. पहिल्यांदा ती इतक्या झपाट्याने चढ चढली की नामदेवने हात जोडले. "मास्तर, आम्लेट झालं हो सगळ्याचं." दुसऱ्यांदा ती फलाटातून आरपार निघून गेली. तिसऱ्यांदा ती नीट आली, पण नव्याने घातलेल्या गार्डला तिची वाट बघायला शिकवणं मास्तरांना जमेना. तो शिट्टी मारून मोकळा व्हायचा. "अगदी माझ्यासारखा आहे," मास्तर म्हणाले. स्वतःवर विनोद करताना मी त्यांना प्रथमच ऐकलं. शेवटी त्यांनी शिट्टी स्वतःच्याच हातात घेतली.

मास्तरांच्या जाण्याच्या आधीच्या शुक्रवारी पुन्हा कॉल लागला. मिलर्स हॉल्टला गाडी थांबली. वाफेचा सुस्कारा तेवढा ऐकू येत होता. मास्तरांचा हात शिट्टीवर होता. पंचवीस वर्षांत एका माणसासाठी न थांबलेला हा माणूस संगणकातल्या एका अंडीवालीसाठी थांबला होता आणि ते त्याला किती जड जात होतं, हे मागून त्याच्या खांद्यांकडे बघूनही कळत होतं. बाबागाडीची चाकं कुरकुरली. फळीवर पावलं वाजली. दार लागलं.

पलीकडून आजोबा म्हणाले, "आली ती. चला, निघू या आता."

मास्तरांनी शिट्टी दिली. गाडी ब्रॅकलला छापील वेळेवर पोहोचली. आजोबांच्या मुलीने आभार मानले, तेव्हा मास्तरांच्या तोंडून गडबडीत अरबीतलं "शुक्रन, शुक्रन" निघालं. मग त्यांनी टाय सोडला, चष्मा काढला आणि तोंड धुवायला म्हणून आत गेले. नळाचं पाणी उगाच बराच वेळ वाहत होतं. त्या दिवशी नॉट क्वाइट हे शब्द आमच्या घरातून गेले.

जायच्या दिवशी मी त्यांना विमानतळावर सोडणार होतो. त्यांची गाडी आता माझ्याकडे आली होती. नेमकं त्याच दिवशी साइटवर काम अडलं आणि मी ठरलेल्या वेळेनंतर घाईघाईने बिन महमूदला पोहोचलो. रस्ताभर मनात एकच चित्र होतं, मास्तर टॅक्सीत बसून गेले असणार आणि टॅक्सीच्या आरशात त्यांनी मला पाहिलंही असणार. पण ते इमारतीच्या पायरीवर बसले होते. शेजारी दोन बॅगा, मांडीवर बिस्किटाचा डबा. मी दोन्ही बॅगा डिकीत टाकल्या आणि दार उघडून धरलं. मास्तर हलले नाहीत.

"चला ना. उशीर झालाय."

"नामदेव यायचाय," ते म्हणाले.

"त्याची बसची ड्यूटी सुटली नसेल अजून. फोनवर बोला त्याच्याशी. मास्तर, विमान आहे, ते कुणासाठी थांबत नाही."

"माहीत आहे मला." त्यांनी डब्याचं झाकण पुसलं. "मी फ्लोट ठेवलाय."

मी गाडी बंद केली आणि त्यांच्या शेजारी पायरीवर बसलो. समोरच्या मलबारी हॉटेलातून पराठ्याचा वास येत होता. थोड्या वेळाने रस्त्याच्या टोकाला नामदेव दिसला. कंपनीचे जड बूट, अंगात युनिफॉर्म, छातीशी खजुराचा खोका धरून तो आमच्याकडे पळत येत होता आणि लांबूनच "आलो आलो" म्हणून हात करत होता. मास्तर उठले, पॅन्ट झटकली.

"आला तो," ते म्हणाले. "चला, निघू या आता."

सहा दहाची गाडी आता मी चालवतो. वरच्या मजल्यावर एक नवा इंजिनीअर राहायला आलाय, तोही आमच्याच ऑफिसात आहे. रोज सहा दहाला तो मला आरशात दिसतो, एका हातात बूट, दुसऱ्या हातात जेवणाचा डबा. ऑफिसात पोहोचायला दोन-चार मिनिटं इकडे-तिकडे होतात. आमच्या मॅनेजरसाहेबांनी एकदा विचारलंही, रोज एवढा उशीर कसा. मी त्यांना सांगितलं, उशीर नाही सर, टाइमटेबलातच आहे.